देवबागची खारी हवा, बाबांच्या कॅसेट आणि मधेच बंद पडणारा डेस्कटॉप : कूलर बदलू की सगळंच?

देवबागकरीण | १९ मे

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही.

मी मालवण तालुक्यात देवबागला राहते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते : एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. आमचं घर समुद्राच्या अंगाला आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. माझे बाबा दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचे. जत्रांमधली रात्र रात्र चालणारी नाटकं त्यांनी पेटीशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतली. त्यातल्या ६२ कॅसेट आणि ११ व्हीएचएस माझ्याकडे आहेत. बाबा आता नाहीत. दर पावसात दोन-चार कॅसेटना बुरशी धरते, म्हणून या वर्षी सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायच्याच असं मी ठरवलं आहे.

कॉम्प्युटर २०१९ साली भावाने लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जोडून दिला. रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५०, ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). कूलर प्रोसेसरच्या खोक्यात आला तोच. कॅबिनेट पुढून अखंड काचेची, दिसायला देखणी. ती पडवीत खिडकीजवळ टेबलावर असते.

आता तक्रारी. व्हीएचएसचं एडिटिंग करून शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्टला (तयार व्हिडिओ काढायला) लावलं की दहा मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि तिथून पुढे काम सरपटत चालतं. कॅसेट भरताना तर तो मधेच खटकन बंद पडतो. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटं, चाळिसाव्या मिनिटाला बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून, आणि जुनी टेप पुन्हापुन्हा चालवायची मला भीती वाटते. शिवाय सकाळी पहिल्यांदा चालू केला की कधीकधी पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच येत नाही. चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं.

आणखी एक, याचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात. आणि भरलेल्या आवाजात सतत खर्जातली गुणगुण असते. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बाबा हळू आवाजात गावाचं आणि नाटकाचं नाव सांगतात. कॅसेट डेकला हेडफोन लावला की ते ऐकू येतं, कॉम्प्युटरमध्ये भरलं की गुणगुणीखाली बुडतं.

इथल्या एका दुकानदाराने सांगितलं की लिक्विड कूलर बसवा, नाहीतर ऐंशी हजारांत सगळा नवीनच घ्या. माझ्याकडे पंचवीस हजार आहेत. काय करू?

सोल्डरवाला | १९ मे

ताई, मी रत्नागिरीत वीस वर्षं बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, ती आधी सुटी करू.

कॅसेट भरताना प्रोसेसरला काम असं नसतंच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला भरलंत तरी तासाला साधारण एक जीबी डिस्कवर लिहायचं, एवढंच. त्यात तो तापायचं कारण नाही. आणि तापला तरी २६०० असा खटकन बंद पडत नाही. ९५ अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. तुमचा एक्सपोर्ट सरपटतो तो त्यामुळे. म्हणजे एक्सपोर्टच्या वेळचे ९५ अंश हे कूलरचं दुखणं, आणि कॅसेटच्या वेळचं बंद पडणं हे विजेचं किंवा गंजाचं. लिक्विड कूलर बसवून दुसरं दुखणं तसंच राहील आणि पैसे जातील.

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून बंद पडण्याच्या वेळी काय नोंद झाली आहे ते बघा. आणि वायर काढून, बाजूचं झाकण उघडून आत काय दिसतं ते सांगा. एसएमपीएसच्या डब्याला मात्र हात लावू नका.

देवबागकरीण | २० मे

पाहिलं. सगळ्या नोंदी 'कर्नल-पॉवर ४१' अशा आहेत, म्हणजे नीट बंद न होता अचानक बंद पडलेला; एकदाही निळा स्क्रीन नाही. वेळा कागदावर लिहून काढल्या तेव्हा लक्षात आलं की अकरापैकी आठ वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या मधे बंद पडला आहे. त्याच वेळेस आमच्याकडे ट्यूब मिणमिणते.

आत पाहिलं. कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी आहे, बोटाला खरखरीत लागते. मागच्या पोर्टच्या आतल्या कडेला हिरवट डाग आहेत. ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीचे स्क्रू लाल झाले आहेत. धूळ फार नाही, पण आहे ती चिकट आहे. पुसली तर कापडावर ओलसर काळा ओघळ येतो.

सोल्डरवाला | २० मे

तो चिकटपणा हेच मूळ. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावरची निम्मी मशीन माझ्याकडे याच कारणाने येतात आणि सगळे बिचारे उन्हाळ्याला दोष देत असतात.

पावसाळ्यात तुमच्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटत असेल. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणून शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ पुडीतल्या मिठापेक्षा लवकर पाझरतं. तुमच्या पडवीत वाऱ्याबरोबर येणारे लाटांचे तुषार म्हणजे तेच मीठ. पंखा ते आत ओढतो आणि बोर्डावर त्याचा थर बसतो. कोरडं असेपर्यंत ते निरुपद्रवी. ओलं झालं की ते वीज वाहून नेणारं पाणी झालं, आणि तेही मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या चिपच्या पायांच्या मधे. सकाळी स्क्रीन न येण्याचं कारण बहुतेक हेच : रात्रभर मशीन थंड, हवा दमट, रॅमच्या पट्टीवर ओल. चार-पाच वेळा चालू-बंद करता करता थोडी ऊब येते आणि मग चालू होतो.

आता यातली आशेची गोष्ट. चालू मशीन कोरडं असतं. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ५७ टक्क्यांच्या आसपास येते, पाणी तेवढंच असलं तरी. म्हणजे पावसाळ्यात रोज दोन तास चालवलेला कॉम्प्युटर महिनाभर झाकून ठेवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. लोक उलट करतात. 'पाऊस आहे, खराब होईल' म्हणून प्लास्टिक घालून ठेवतात आणि गणपतीत उघडतात. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते. झाकायचं तर सुती कापड घाला.

साफसफाई अशी करा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, मग अल्कोहोलने पुसा. बोर्डावर मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा. मीठ अल्कोहोलात फारसं विरघळत नाही, म्हणून नुसतं शिंपडून चालत नाही, ब्रशने उचलून कापडाने टिपायचं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. शेवटी पुरतं वाळू द्या.

एसएमपीएस बदला. सहा-सात वर्षं समुद्रावर काढलेला आहे आणि संध्याकाळी विजेचा दाब उतरला की तो मान टाकतो, असं तुमच्या वेळांवरून दिसतं. उघडून साफ करायच्या भानगडीत पडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतो. मी उघडतो तेव्हा आत काय काय सापडतं म्हणून सांगू. गेल्याच महिन्यात एकात पाल होती, वाळून ट्रान्सफॉर्मरला चिकटलेली. मागच्या मोकळ्या पट्ट्या बंद ठेवा, ऊब शोधत पाली आत शिरतात.

चिपळूण ते पुणे | २१ मे

वरचं सगळं पटलं. तापमानाचा भाग मी घेतो, कारण मी हौसेने बरेच पीसी जोडले आहेत आणि आई-वडिलांचा चिपळूणला आहे.

पहिली गोष्ट, हवेच्या दमटपणाने प्रोसेसर जास्त गरम होत नाही. आपल्याला होतं, कारण आपला घाम सुकत नाही. कूलरला घाम नाही. त्याला फक्त खोलीचं तापमान कळतं. हवेवर चालणारा कूलर असो की पाण्यावर चालणारा, दोघेही खोलीपेक्षा खाली जाऊ शकत नाहीत. तुमच्या पडवीत मे महिन्यात दुपारी ३४-३५ अंश असतील तर कोणताही कूलर तिथूनच सुरुवात करणार. प्रश्न एवढाच की त्याच्यावर किती अंश चढतात. तुमचे साठ चढतात, ते पस्तीस-चाळीसवर आणता येतील.

२६०० हा ६५ वॉट वर्गाचा प्रोसेसर आहे. त्याला लिक्विड कूलर म्हणजे एक जास्तीचा पंप, जो कधीतरी बंद पडणार, आणि देवबागात बसून तो बदलून मिळायला तुम्हाला आठवडा जाणार. साधा टॉवर कूलर घ्या, तांब्याच्या चार नळ्या आणि १२० मिमीचा पंखा. डीपकूल एके४०० किंवा त्या तोडीचा कोणताही. एके४०० ची उंची १५५ मिमी आहे, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे का ते पट्टीने मोजा, मग मागवा. पट्ट्यांवर निकेलचा मुलामा असलेला मिळाला तर खाऱ्या हवेत बरा. उघडं तांबं आणि उघडं ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतं तिथे मीठ आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम आधी जातं.

दुसरं, ती काच. पुढून अखंड काच म्हणजे पंख्याला श्वास घ्यायला जागाच नाही. झाकण काढून एकदा एक्सपोर्ट लावून बघा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटचा. जाळीच्या तोंडाची कॅबिनेट घ्या. पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जास्त असली की आत किंचित दाब राहतो आणि हवा फटीफटीतून शिरण्याऐवजी बाहेर पडते, म्हणजे जे काही यायचं ते जाळीतूनच येतं. ती जाळी महिन्याला नळाखाली धुवा. मिठाला पाण्यासारखं औषध नाही. फक्त पुरती वाळल्याशिवाय परत लावू नका.

तिसरं, अपग्रेड. इतक्यात नको. रॅम १६ पुरे. पुढे कधी वाटलंच तर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, तोही ६५ वॉटचा. पण त्यासाठी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अद्ययावत करावा लागतो, आणि ते काम यूपीएसशिवाय करू नका. बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड उठत नाही. ट्यूब मिणमिणते त्या वेळेला तर नकोच. विंडोज १० वर असाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. २६०० वर विंडोज ११ चालतं, बायॉसमध्ये एफटीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करा.

आणि फुकटचा एक अपग्रेड तुमच्याकडे आत्ताच आहे. शॉटकटच्या एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडरची खूण करा, म्हणजे काम जीटीएक्स १६५० करेल. यूट्यूबवर टाकायच्या प्रतींना ते पुरेसं आहे. कायम जपून ठेवायची प्रत मात्र सावकाश प्रोसेसरकडूनच काढा, लागला वेळ तर लागू दे.

एक इशारा, कूलर काढताना. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरलेली असते आणि या सॉकेटमध्ये प्रोसेसर नुसता पायांवर उभा असतो. सरळ वर ओढलात तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, सॉकेटची कडी लागलेली असली तरी. १३३१ बारीक पाय आहेत. आधी दहा मिनिटं एक्सपोर्ट चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सोडवा. शिवाय खोक्यातल्या कूलरचे चार स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटून पडते. कॅबिनेट आडवी ठेवा आणि मागून हात द्या.

सड्यावरचा वायरमन | २१ मे

गे बाय, ह्या सगळ्याच्या आधी अर्थिंग बघ. झिणझिण्या येतत म्हणजे तुझो अर्थ तुटलेलो आसा. बाकी मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू दे.

एसएमपीएसच्या आत गाळणीचे दोन कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थ जागेवर असेल तर तिथली थोडीशी गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्रा मधल्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून मारत नाही, नुसत्या झिणझिण्या. आता तुमच्या डेकची केबल कॉम्प्युटरला लावली की त्या गळतीला वाट मिळते ती केबलच्या वरच्या जाळीतून. ५० हर्ट्झची गुणगुण तिथून आत येते. टेपवर ती नाहीच, तुम्ही स्वतःच हेडफोनने ऐकलंत.

मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर राहतो. आमच्याकडे जांभा, उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी की खड्ड्यात पाणी ओतल्याशिवाय अर्थ धरत नाही. देवबागात उलट. वाळूत खारं पाणी, अर्थ उत्तम मिळतो, पण तेच पाणी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार खाऊन टाकतं. खड्ड्याच्या तोंडाशी, जिथे तार जमिनीत शिरते, तिथे बघायला सांगा. वरून धड दिसते, बोटाने दाबली की चुरा होतो. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या, स्वतः नको. तांब्याचा मुलामा दिलेली सळई घाला आणि त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. तो कॉम्प्युटरसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

दाब उतरतो त्याला लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस (उतरलेला दाब सावरून घेणारा) घ्या, १ केव्हीएचा. तुमच्या मशीनला अडीचशे वॉटही लागत नाहीत, त्यामुळे तो निवांत चालेल. अर्थ नसताना सर्ज प्रोटेक्टर घेऊन फारसा उपयोग नाही, त्याने वीज टाकायची कुठे?

पंचगंगाकाठ | २२ मे

मी कोल्हापूरचा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा एका खोलीला एसी बसवून त्यात ठेवा की. नाहीतर लॅपटॉप घ्या, बॅटरी असते, वीज गेली तरी चिंता नाही.

सोल्डरवाला | २२ मे

दादा, लॅपटॉपचा मुद्दा विजेपुरता खरा आहे. पण तोही तीच मीठ असलेली हवा ओढतो, आणि त्याचा बोर्ड साफ करायचा तर सगळा खोलावा लागतो. डेस्कटॉपचा एक भाग गेला तर एक भाग बदलता येतो. बंदरावरच्या माणसाला हे फार मोलाचं आहे.

एसी चोवीस तास चालणार असेल तर उत्तम, हवा कोरडी होते. पण दोन तास लावून मग खिडकी उघडली तर घोटाळा. खोलीतला पत्रा २४ अंशांवर आणि बाहेरून आली ३० अंशांची, ८५ टक्के दमट हवा. तिचा दवबिंदू २७ च्या आसपास असतो. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी सुटतं तसं बोर्डावर सुटतं. त्यापेक्षा ताईंनी मशीन पडवीतून माजघरात न्यावं, समुद्राकडे तोंड नसलेल्या भिंतीला.

देवबागकरीण | १२ जुलै

उशिरा लिहिते आहे, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सुरुवात वायरमनदादांनी सांगितली तिथून केली. गावातल्या वायरमनला बोलावलं. परसात माडाच्या बुंध्याशी अर्थचा खड्डा आहे, बाबांनी घर बांधताना घातलेला. वरून तार ठणठणीत दिसत होती. त्याने खड्ड्याच्या तोंडाशी वाळू उकरली आणि तार चिमटीत धरली, तर ती बिस्किटासारखी मोडली. आतून तपकिरी भुसा. किती वर्षं घर असं होतं देव जाणे. नवी सळई घातली, तार घातली, आरसीसीबी बसवला. संध्याकाळी मी कॅबिनेटच्या पत्र्याला तळहात टेकवला. काही नाही, नुसता थंड पत्रा.

त्याच रात्री, दुसरं काहीही न बदलता, कॅसेटचा एक तुकडा भरून पाहिला. गुणगुण गेली होती. टेपची स्वतःची सरसर आहे, ती राहणारच, पण खालचा तो खर्ज नाही. बाबांचा आवाज आला : 'वालावल. संकासुर झालो, आता नाटक सुरू.' (म्हणजे नाटकाआधीचा संकासुराचा प्रवेश आटोपला.) मग पेटीचा भाता भरल्याचा फस्स आवाज, तोसुद्धा ऐकू आला. मी आईला हाक मारली. ती हातातलं सूप तसंच घेऊन दारात उभी राहिली आणि पूर्ण बाजू संपेपर्यंत तिथेच होती.

साफसफाईला दोन दिवस लागले. कूलर काढायच्या आधी मशीन तापवून घेतलं आणि पिळत सोडवलं. तरी पहिल्या दोन-तीन वेळा जराही हललं नाही, मला घाम फुटला. मग 'कट' असा आवाज आला आणि निघाला, प्रोसेसर जागेवर होता. जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती, नखाने टवके निघाले. बोर्डामागची पट्टी धरायला आई होती. तिला म्हटलं, इथे मीठ साचलं आहे. ती म्हणाली, "मिठाक पाणी सुटला, की समजायचा पावस इलो. ह्या तुमच्या डब्यात तांदूळ घालूचे नाय काय?" बरणीत आम्ही मिठाबरोबर तांदळाचे दाणे टाकतो. मी तांदूळ घातले नाहीत, पण टेबलाच्या बंद कप्प्यात, कॅबिनेटपासून हातभर दूर, १५ वॉटचा दिवा लावला आहे. मशीन बंद असलं की तो चालू. कपडा, कागद काही त्याला टेकू देत नाही. कप्प्यात हात घातला की कोरडं, उबदार लागतं.

कूलर सांगितला तसा टॉवरचा बसवला. कॅबिनेट जाळीच्या तोंडाची घेतली, पंखे सांगितले तसेच, दोन पुढे एक मागे. एसएमपीएस ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा, यूपीएस १ केव्हीएचा. सामान भावाने कोकणकन्येने कुडाळपर्यंत धाडलं, मी जाऊन उतरवून घेतलं. वायरमनची मजुरी धरून २३ हजारांच्या थोडं आत बसलं. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं जुनंच.

आकडे देते. मे महिन्यात जो एक्सपोर्ट ९५ वर जाऊन सरपटायचा, तोच, प्रोसेसरवरच, आता ७२ च्या वर जात नाही. त्या दिवशी माजघरात ३० अंश होते. म्हणजे आधी साठ चढत होते, आता बेचाळीस. मे महिना परत आला की खरं कळेल, पण २० अंशांची सवड दिसते आहे. ग्राफिक्स कार्डाकडून काढलं तर प्रोसेसर पन्नाशीतच राहतो. ५ जूनपासून एकदाही बंद पडलेला नाही, सकाळी पहिल्या बटणाला स्क्रीन येतो. मधे दोनदा वीज गेली, यूपीएसवर बाजू पुरी करून मी नीट बंद केला.

पुढची जाळी दर रविवारी धुते, महिनाभर थांबत नाही. धुतल्यावर पाणी वाटीत घेऊन एकदा जिभेला लावून पाहिलं. खारट होतं. माजघरात, खिडकी बंद असताना, एका आठवड्याचं मीठ.

३१ कॅसेट भरून झाल्या. एक अडचण उरली आहे : पाच कॅसेटवर पांढरी बुरशी स्पष्ट दिसते. त्या डेकला लावल्या तर हेडवरून बाकीच्या कॅसेटना लागेल म्हणून वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवल्या आहेत. टेप उलगडून स्वच्छ करणारं कोणी मुंबई-गोव्याकडे ओळखीचं असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन जाईन. टपालाने पाठवणार नाही.

सड्यावरचा वायरमन | १२ जुलै

आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं विसरू नका. आणि वालावलची कॅसेट यूट्यूबवर घातलंस की लिंक धाड गे. कुठल्या वर्षाची ता सांग. त्या जत्रेक लहानपणी मी दरसाल असायचंय, पेटयेच्या बाजूकच बसायचंय.

देवबागकरीण | १३ जुलै

खोक्यावर बाबांच्या अक्षरात १९९४ लिहिलं आहे. बी बाजू आत्ता भरायला लावली आहे, रात्री लिंक देते.